खूण तीच, अर्थ दुसरा: जुनी पोस्टकार्डं जमवायला लागताना

चोरबाजारातल्या एखाद्या पत्र्याच्या पेटीत दोन कार्डं एकमेकांना चिकटून बसलेली सापडतात. एकावर सोनेरी उठावाचं स्वस्तिक आणि रोमन लिपीत ‘गुड लक’. दुसऱ्यावर लाल झेंडा, पांढरं वर्तुळ आणि त्यात काळं, तिरकं स्वस्तिक. विकणारा दोन्हींना ‘हिटलरवालं’ म्हणतो आणि दोन्हींचा एकच भाव सांगतो. पहिलं कार्ड १९०७ च्या आसपास अमेरिकेत छापलेलं असू शकतं. तेव्हा नाझी पक्ष जन्मालाही आला नव्हता.

अशी, म्हणजे छापताना एक अर्थ असलेली आणि आज दुसराच अर्थ चिकटलेली कार्डं जमवायची असतील तर एक गोष्ट आधी पक्की करा: पैसे चित्राचे द्यायचे नाहीत, सालाचे द्यायचे. साल कळलं नाही तर खुणेचा अर्थ कळत नाही, आणि मग तो संग्रह राहत नाही, रंगीत कागदांचा गठ्ठा होतो. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा साल काढण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

१. आधी एकच खूण निवडा

पहिलं वर्षभर एक खूण, फार तर दोन. स्वस्तिक, चरखा, कमळ, हत्ती, बैलजोडी, षट्कोनी चांदणी यांपैकी काहीही चालेल. एकाच खुणेची तीस-चाळीस कार्डं हाताखालून गेली की तीस वर्षांत रेघ कशी बदलली, रंग कसे बदलले, ती कोण छापत होतं, हे डोळ्यांना आपोआप कळायला लागतं. सगळंच थोडंथोडं घेतलं तर पाच वर्षांनीही विक्रेता सांगेल तेच खरं मानावं लागतं.

खूण निवडताना खिशाचा अंदाज घ्या. नाझी काळातल्या कार्डांना परदेशात गिऱ्हाईक भरपूर, म्हणून भाव जास्त आणि बनावट मालही जास्त. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. चरखा किंवा निवडणूक चिन्हं आपल्याकडे रद्दीतही निघतात.

२. जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनार वापरतात तसं, घडीचं.
- जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी, नोटा तपासायला दुकानदार वापरतात ती.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची फूटपट्टी.
- पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पाकिटं. मऊ, प्लॅस्टिकचा उग्र वास येणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत. ती काही वर्षांत चिकट होतात आणि शाई स्वतःवर ओढून घेतात.
- घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र.
- मऊ शिसपेन्सिल, एक वही, आणि दोन जाड पुठ्ठे. बाजारातून घरी येताना कार्ड या पुठ्ठ्यांमध्ये ठेवायचं. लोकलच्या गर्दीत पिशवीतलं सुटं कार्ड कोपऱ्यात दुमडतंच.

हातमोजे लागत नाहीत. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले असले की पुरे. कापडी मोज्यांमुळे उलट कडा अडकून फाटतात.

३. साल काढायला शिका

प्रत्येक कार्डाची तीन सालं असतात: छापल्याचं, टपालात टाकल्याचं आणि खुणेचा अर्थ बदलल्याचं. नवखा माणूस टपालाचा शिक्का बघतो आणि तेच छापल्याचं साल धरतो. तसं नसतं. दुकानात न खपलेली कार्डं दहा-पंधरा वर्षांनीही वापरली जायची. शिक्का एवढंच सांगतो की कार्ड त्या तारखेच्या आधी छापलं गेलं.

म्हणून पाठीमागून सुरुवात करा. चित्रकार्डाच्या मागे मधोमध उभी रेघ आहे का, म्हणजे डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता अशी सोय आहे का, ते पाहा. ब्रिटनमध्ये ही सोय १९०२ मध्ये आली, जर्मनीत १९०५ मध्ये आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून. त्याआधी मागची पूर्ण बाजू पत्त्यासाठी राखीव होती आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागायचा. अमेरिकन कार्डांचं पुढचं वर्गीकरणही सोपं आहे. साधारण १९१५ ते १९३० च्या कार्डांच्या चित्राभोवती पांढरी पट्टी असते, आणि १९३० ते १९४५ च्या कार्डांचा कागद तागाच्या कापडासारखा खरखरीत लागतो.

आपल्याकडच्या सरकारी कार्डांचं साल काढायला छापील तिकीट बघा. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं, किंमत पाव आणा. पाव आण्याचा दर १९२२ पर्यंत टिकला, मग अर्धा आणा झाला. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असेल तर रचना १९०१ च्या आधीची, सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६, सहावा जॉर्ज त्यानंतरचा. स्वातंत्र्य मिळालं म्हणून राजाची कार्डं लगेच बाद झाली नाहीत, त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या कार्डावर १९४८ चा शिक्का दिसला तर दचकू नका. दर नव्या पैशांत असेल तर कार्ड १ एप्रिल १९५७ नंतरचं. ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ ला गेला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतर कोणीतरी लिहिलेलं.

गावांची नावंही कामाला येतात. जुन्या शिक्क्यांवर ठाण्याचं स्पेलिंग आजचं नसतं. रोमन लिपीत ‘ठाणा’ असं वाचता येतं, आणि त्याहून जुन्या इंग्रजी मजकुरात ‘तान्ना’ही सापडतं. रेल्वेच्या चित्रकार्डावर जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, असेल तर ते ५ नोव्हेंबर १९५१ आधीचं असण्याची शक्यता मोठी, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. ‘नवी मुंबई’ नाव असलेलं जुनं कार्ड कोणी दाखवलं तर हसून पुढे जा. ते शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७० ची. त्या भागाची खरी जुनी कार्डं पनवेल, उरण, बेलापूर या शिक्क्यांची.

देशी मजकुरात तारीख बहुधा मितीने असते. शके दिलं असेल तर ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन या महिन्यांत इसवी साल बदललेलं असू शकतं, तेव्हा ७९. गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या कार्डांवर संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करायचे. ‘श्रावण वद्य ५ शके १८३१’ म्हणजे १९०९. मग शिक्क्यावरची तारीख त्याच्याशी जुळते का पाहा. जुळली नाही तर दोनांपैकी एक गोष्ट खोटी आहे.

आता भिंग. कार्ड खिडकीजवळ न्या आणि चेहरा किंवा आकाश असलेला भाग बघा. ओळीत मांडलेले सारख्या अंतराचे ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई. वाळलेल्या चिखलाला भेगा पडाव्यात तशी बारीक वेडीवाकडी नक्षी दिसली तर कोलोटाइप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची असंख्य चित्रकार्डं अशीच छापली, बरीचशी जर्मनीत. हाताने टाकल्यासारखे लहानमोठे, एकमेकांवर चढलेले रंगीत ठिपके असतील तर शिळाछाप. आपल्याकडच्या देवादिकांच्या जुन्या चित्रांत हेच दिसतं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके गोल फुलांसारखे जुळलेले दिसले की ते अलीकडचं ऑफसेट, म्हणजे पुनर्मुद्रण. ठिपकेच नाहीत, सावल्या सलग उतरत गेल्यात आणि तिरकं धरल्यावर काळ्या भागावर चंदेरी झाक येते, तर तो खरा फोटो. अशा फोटोकार्डाच्या मागे तिकीट लावायच्या चौकोनात फोटोकागदाच्या ब्रँडचं नाव असतं. ‘अझो’ असेल आणि चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ चा. दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०.

शेवटी दिवे मालवून जांभळी बॅटरी मारा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चमक वाढवणारं रसायन आहे. ते कागदात सर्रास यायला लागलं ते १९५० च्या सुमारास. ‘१९१० चं कार्ड’ असं झगमगलं की पाकीट खिशात परत.

४. खूण वाचायची कशी

स्वस्तिक. सगळ्यात मोठा गैरसमज दिशेचा. ‘आपलं सरळ, त्यांचं उलटं’ हे कोणीही ठोकून देतं. प्रत्यक्षात नाझींचं स्वस्तिकही उजव्या वळणाचंच. ते बहुधा ४५ अंशांत तिरकं असतं, पण सरळ उभंही सापडतं. आणि अमेरिकेतल्या निरागस शुभेच्छाकार्डांवर तिरकंही. दिशा आणि तिरकसपणा या दोन गोष्टींवरून निकाल देऊ नका. आजूबाजूला काय आहे ते बघा: चार ठिपके असतील तर आपल्याकडचं, वर तीन ठिपके आणि चंद्रकोर असेल तर जैन, लाल पार्श्वभूमीवर पांढरं वर्तुळ असेल तर १९२० नंतरचं जर्मन. जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज म्हणून ते १५ सप्टेंबर १९३५ ला आलं.

शुभेच्छाकार्डाचं एक उदाहरण जवळून बघू. पुढे हिरव्या किंवा पांढऱ्या कागदावर सोनेरी, हाताला लागेल असं उठावाचं स्वस्तिक. चार भुजांना रोमन ‘एल’ चार वेळा, आणि खाली त्यांचा अर्थ: लाइट, लव्ह, लाइफ, लक. उजेड, प्रेम, आयुष्य, नशीब. कधी सोबत घोड्याची नाल आणि चार पानांचा क्लोव्हर. मागे मधली रेघ, म्हणजे मार्च १९०७ नंतरचं. एका सेंटचं हिरवं तिकीट. पांढरी पट्टी नाही, म्हणजे बहुधा १९१५ आधीचं. असं कार्ड पाठवणाऱ्या बाईच्या मनात लकी कवडीपेक्षा जास्त काही नव्हतं.

इथे दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. एक, ‘इंडियन स्वस्तिक’ असं छापलेली ॲरिझोना–न्यू मेक्सिकोची कार्डं. तिथला ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी. आपले विक्रेते ती भारतीय म्हणून मांडतात. नव्हाहो, होपी, अपाची आणि पापागो या जमातींनी १९४० मध्ये लेखी जाहीर करून ही खूण आपल्या विणकामातून काढून टाकली, त्यामुळे ही कार्डं त्याआधीची असायला हवीत. दोन, अंगावर स्वस्तिक असलेल्या दगडी हत्तींचं कार्ड. ते राजस्थानातलं देऊळ नाही, कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग बिअरच्या कारखान्याचं १९०१ चं हत्तीद्वार आहे. फिनलंडच्या विमानांवरचं निळं स्वस्तिकही असंच फसवतं: तिथल्या हवाई दलाने ते १९१८ मध्येच घेतलं.

चरखा. झेंड्याच्या कार्डांत पट्ट्यांचा क्रम बघा. १९२१ च्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यावर चरखा. १९३१ मध्ये केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला आणि चरखा मधल्या पट्टीत गेला. २२ जुलै १९४७ ला चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. एकच चरखा आधी सूतकताईचं अवजार, मग बहिष्काराची हाक, मग एका पक्षाची निशाणी, असा फिरत गेला आहे. १९३१ आधीच्या काळ्यापांढऱ्या कार्डावर नंतर कोणी हाताने रंग भरलेला असेल तर तो केशरी-पांढरा-हिरवा हा नंतरचा क्रम वापरतो आणि तिथेच पकडला जातो.

निवडणूक चिन्हं. हा भाग आपल्याकडे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. बैलजोडी १९५१-५२ च्या निवडणुकीत काँग्रेसकडे होती आणि १९६९ च्या फुटीपर्यंत राहिली. पुढे गाय-वासरू आलं, मग हात. पणती जनसंघाची होती. हत्ती तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा होता. कमळ भाजपकडे १९८० मध्ये आलं, त्यामुळे लक्ष्मीच्या शंभर वर्षं जुन्या कार्डावरच्या कमळात राजकारण शोधू नका. उलट चूकही होते: १९५७ च्या दिवाळीला एखाद्या पेढीने पाठवलेल्या कार्डावरची पणती ही दिवाळीचीच पणती असते. मजकूर वाचा. मत मागितलं असेल तर चिन्ह, नाहीतर नक्षी.

षट्कोनी चांदणी. पूजेच्या यंत्रांत, हुमायूनच्या कबरीवर, जर्मन बिअरवाल्यांच्या पाटीवर आणि ज्यू प्रार्थनास्थळांत ती चारही ठिकाणी सापडते. इथे चित्रातल्या जागेचं नाव हाच पुरावा.

हाताने केलेल्या खुणा. संग्राहकांचं लक्ष छापील चित्राकडे असतं, आणि त्यात आपल्या घरांतल्या खुणा सुटतात. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी. असं कार्ड वाचून लगेच फाडायचे, घरात ठेवायचे नाहीत, म्हणून ते फार थोडं उरलं आहे. पण प्रत्येक फाटका कोपरा तसा नसतो. उंदीर, तिकीट काढणारी मुलं, अल्बमचा गोंद यांनीही कोपरे जातात. फाटलेली कड बाकी कार्डाइतकीच मळलेली आहे का, वर ‘श्री’ टाकायचं टाळलं आहे का, मजकुरात ‘देवाज्ञा झाली’ किंवा दहाव्या-तेराव्याची तिथी आहे का, हे तिन्ही बघा. याच्या उलट, कोपऱ्यावरचा पिवळा-तांबडा डाग हा हळदकुंकवाचा असू शकतो, मंगलकार्याच्या पत्राचा. हा डाग पुसून कार्ड ‘स्वच्छ’ करणारे लोक आहेत. असं केलं की त्या कार्डाचा अर्थच पुसला जातो.

व्यापारी पत्रांच्या माथ्यावर कधी ‘७४॥’ दिसतं. नवखे ती रक्कम समजतात. ॥ म्हणजे अर्धा, जुन्या हिशेबाची खूण, आकडा साडेचौऱ्याहत्तर. चितोडच्या वेढ्यात पडलेल्यांच्या जानव्यांचं वजन साडेचौऱ्याहत्तर मण भरलं आणि परक्याचं पत्र उघडणाऱ्याला त्या हत्येचं पाप लागो, अशी ही शपथ असल्याची दंतकथा कर्नल जेम्स टॉडने नोंदवली आहे. पाकिटावर ती मोहोर होती. उघड्या पोस्टकार्डावर, जे पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात, ती केवळ सवय म्हणून उरली. अर्थ कसा झिजतो ते याहून स्वच्छ दाखवणारी खूण मिळणं कठीण.

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंतची पुष्कळ कार्डं मोडीत आहेत. मोडी येत नाही म्हणून ती टाकून देऊ नका. बाकीचे टाकतात, म्हणूनच ती स्वस्त मिळतात. मोडीचे वर्ग ठाणे-मुंबईत वेळोवेळी भरतात. पत्त्यापुरती मोडी दोन महिन्यांत जमते.

५. शोधायचं कुठे

सगळ्यात आधी ठाण्यात नौपाड्यातल्या आणि जांभळी नाक्याजवळच्या रद्दीवाल्यांना भेटा. जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, आणि त्यांतले कागद किलोवर जातात. रद्दीवाल्याला एकच सांगा: पत्रांचा गठ्ठा सोडू नका, सुतळीसकट ठेवा, रद्दीच्या भावापेक्षा जास्त देतो. एका घरातली चाळीस कार्डं एकत्र मिळाली तर हस्ताक्षर, पत्ते, तारखा एकमेकांना साक्ष देतात. तीच चाळीस दुकानादुकानांत विखुरली की प्रत्येक कार्ड अनाथ.

वाशी-नेरुळच्या इमारती नव्या, पण तिथे राहायला आलेली घरं दादर-गिरगावातून ट्रंका घेऊन आलेली आहेत. सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘जुनी पत्रं, कार्डं फेकण्याआधी दाखवा’ अशी चिठ्ठी लावली तरी काम होतं. पनवेल आणि उरणच्या जुन्या वाड्यांतून पेढ्यांचा पत्रव्यवहार निघतो.

मुंबईत चोरबाजार, म्हणजे मटन स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद, पण शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो, आणि कागद तिथे निघतात. ठाण्याहून जलद लोकल सँडहर्स्ट रोडला थांबत नाही. धीमी पकडा किंवा भायखळ्याला बदला. वाशीहून हार्बरने सरळ सँडहर्स्ट रोड. उजाडायच्या आत पोचायला हवं. जीपीओच्या आसपास नाणी-तिकिटं विकणारे बसतात, त्यांच्याकडेही कार्डांच्या पेट्या असतात, पण भाव चढे. जीपीओतल्या फिलाटेलिक ब्युरोत जुनं काही मिळत नाही, तिथे चालू तिकिटं मिळतात. पहिल्या खेपेला तिथे रांग लावून हिरमुसणारे बरेच असतात.

पावसाळ्यात गठ्ठे घेऊ नका, किंवा घेतलेच तर थेट डब्यात टाकू नका. जुलैत रद्दीच्या दुकानातला कागद आत ओला असतो आणि बाहेरून कळत नाही.

६. पैसे देण्याआधी

क्रम ठेवा: मागची बाजू, तिकीट, शिक्का, भिंग, जांभळा उजेड, आणि सगळ्यात शेवटी चित्र. चित्र आधी बघितलं की मन भरतं आणि बाकीचं नीट बघितलं जात नाही.

शिक्का तिकिटावरून कार्डाच्या कागदावर सलग उतरतो का ते तपासा. तिकिटावर अर्धा आणि कागदावर काहीच नाही, तर तिकीट नंतर चिकटवलं. नाझी शिक्के जुन्या, साध्या कार्डांवर नव्याने मारून भाव वाढवतात. भिंगाखाली नवी शाई धाग्यांच्या बाजूने पसरलेली दिसते आणि जुन्या घडीच्या भेगेत शिरलेली असते. भेग जुनी आणि शाई भेगेत, याचा अर्थ शाई नंतरची.

‘आझाद हिंद’ची तिकिटं लावलेलं, टपालातून फिरलेलं कार्ड कोणी दिलं तर घेऊ नका. ती तिकिटं १९४३ मध्ये जर्मनीत छापली गेली, पण प्रत्यक्ष टपालात कधी वापरली गेली नाहीत. त्यावर पोस्टाचा शिक्का असणं म्हणजेच बनावट.

पहिल्या सहा महिन्यांसाठी एका कार्डाची कमाल रक्कम आधीच वहीत लिहा आणि ती ओलांडू नका. घासाघीस करताना खुणेचा अर्थ बोलून दाखवू नका. ‘हे नाझी नाही, १९०७ चं आहे’ असं दुकानात म्हणाल तर पुढच्या खेपेला तेच वाक्य तुम्हालाच ऐकवून दुप्पट पैसे मागतील.

७. परदेशी व्यवहार

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ऐतिहासिक किंवा साहित्यिक महत्त्वाच्या हस्तलिखितं-कागदपत्रांना ही मर्यादा ७५ वर्षांची. अशी वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. शंका असेल तर तो घेतल्याशिवाय कार्ड परदेशी टाकू नका, अदलाबदलीतसुद्धा. बाहेरून मागवलेल्या पाकिटावर सीमाशुल्क लागू शकतं, तेव्हा किमतीत ते धरा.

भारतात नाझी खुणेचं कार्ड जवळ बाळगायला बंदी नाही. जर्मनीत ती खूण लोकांसमोर दाखवणं गुन्हा आहे, अभ्यास आणि कलेसाठी सवलत आहे. परदेशी विक्रीस्थळांचे नियम त्याहून कडक असतात आणि त्यात आपलं मंगल स्वस्तिकही यंत्राच्या नजरेत अडकतं. यादीत साल आणि देश आधी लिहा, खुणेचं नाव नंतर.

८. घरी आणल्यावर

खाडीकाठच्या हवेत कागदाचे शत्रू तीन: बुरशी, कसर आणि तुमचा स्वतःचा उत्साह. तिसरा सगळ्यात वाईट. लॅमिनेशन करू नका, नाक्यावरचा झेरॉक्सवाला आनंदाने करून देईल तरीही. सेलोटेप नाही, इस्त्री नाही, ओलं फडकं नाही. काळ्या अल्बमच्या पानाला चिकटलेलं कार्ड पाण्यात बुडवून सोडवायला जाल तर हाताने भरलेले रंग आणि शाई दोन्ही वाहून जातील; पान कार्डाच्या आकाराचं कापा आणि तसंच ठेवा.

नवा गठ्ठा आला की तो वेगळ्या डब्यात दोन आठवडे बाजूला. किडे दिसले तर कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली तर कागदावर दव धरतं आणि आधीपेक्षा जास्त नुकसान होतं. डांबरगोळ्या डब्यात नकोत.

कायमच्या डब्यात कार्डं उभी ठेवा, फार घट्ट नाहीत. दमटपणा ५० टक्क्यांच्या आत राहायला हवा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला यंत्र बघा. नारिंगी सिलिका जेल हिरवं पडलं, किंवा निळं गुलाबी झालं, की ते ओलं झालं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून, थंड करून परत टाका. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ती भिंत पावसाळ्यात गार असते आणि आतून पाझरते.

९. नोंद

दोन्ही बाजू ६०० डीपीआयने स्कॅन करा, मागची बाजू आधी. कार्डावर काहीच लिहू नका, पाकिटावरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. खाजगी पत्राचा फोटो लोकांसमोर टाकताना पत्ता झाका. १९७० च्या पत्रातली माणसं हयात असू शकतात.

वहीतली नोंद अशी:

क्रमांक: ०२७. आकार: ८९ × १४० मिमी. छपाई: शिळाछाप, सोनेरी उठाव. मागे: मधली रेघ आहे. छापल्याचं साल: १९०७ ते १९१४. टपालात: १९११, शिक्का अर्धा. खूण: उजवं स्वस्तिक, चार ‘एल’. छापतानाचा अर्थ: शुभशकुन. अर्थ कधी बदलला: १९२० नंतर. कुठून: चोरबाजार, शुक्रवार. किंमत. कशावरून ठरवलं: मधली रेघ, एका सेंटचं तिकीट, जांभळ्या उजेडात मंद.

साल निघत नसेल तोवर ‘छापतानाचा अर्थ’ ही ओळ कोरी सोडा, आणि अशी कोरी ओळ असलेली कार्डं डब्यात सगळ्यात पुढे ठेवा.